साथीपुरतं दार

डोळा आधी आतल्या कोपऱ्यातून लाल व्हायचा. नाकाकडच्या बाजूला, पांढऱ्या भागात, शिवणीच्या धाग्याएवढी एक रेघ उमटायची. दुपारपर्यंत तिला फाटे फुटायचे आणि संध्याकाळी पांढरं काही उरायचंच नाही. पापणी सुजून खाली लोंबायची. सकाळी पापण्यांचे केस पिवळ्या चिकाने एकमेकांना चिकटलेले असायचे आणि लेकरू उठून आधी हाताने भिंत चाचपायचं.

बायनाबाईला ही रेघ पहिल्यांदा दिसली ती शाळेच्या रांजणापाशी. वरून पाण्याची धार धरणाऱ्याला पिणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसतो. वरच्या मोहल्ल्यातले मोठे शेतकरी बापूराव, त्यांचा नातू भद्रावतीला मामाकडे राहून परत आला होता. तो ओंजळ करून वाकला, पाणी प्यायला, मग त्याच ओल्या हाताने त्याने डोळा चोळला आणि मागच्या पोराच्या खांद्याला धरून रांगेतून बाहेर उडी मारली.

"डोळ्याले काय झालं रे?" तिने विचारलं.

"कचरा गेला," तो पळता पळता म्हणाला.

आठवडा गेला नाही तोच निम्म्या गावात तो कचरा गेला होता. एक्याऐंशी सालचा आषाढ होता तो. रेडिओवर सांगत होते, मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत लोकांचे डोळे आलेत. पण कलकत्त्याला रोवणी नव्हती. इथे बांधीत, गुडघाभर चिखलाच्या शेतात वाकून बाया धानाचं रोप लावत होत्या, आणि ज्यांचे डोळे आले त्यांना खालचं पाणी आणि वरचं आभाळ एकसारखंच दिसत होतं. हाताला चिखल, त्यामुळे डोळा पुसायचा तर दंडाने, नाहीतर शेजारणीच्या पदराने. ओळ वाकडी जायची. बांधावर उभे राहून बापूराव ओरडायचे, "ही ओळ आहे का सापाचा रस्ता?"

बायनाबाई सकाळी शाळेचं पाणी भरायची आणि शाळा भरली की रोवणीला जायची. पाण्याचं काम तिला याच वर्षी, शाळा उघडली तेव्हा मिळालं होतं. खालच्या मोहल्ल्यातल्या, बौद्धांच्या घरच्या बाईच्या हाती शाळेचा रांजण आजवर कधी आला नव्हता. तो आणला वामनराव गुरुजींनी. गुरुजी त्यांच्याच समाजाचे, ब्रह्मपुरीकडचे. दोन वर्षांपूर्वी बदलून आले तेव्हा गावात त्यांना कोणी खोली देईना. महिनाभर ते बायनाबाईच्या ओसरीवर राहिले, तिच्या हातची आंबील प्यायले. ती त्यांना भाऊ म्हणायची.

पाणी देऊ लागल्यापासून वरच्या मोहल्ल्यातली काही पोरं घरून बाटलीत पाणी आणत होती. बायनाबाईला ते दिसत होतं. बाकीची पितात ना, असं म्हणून ती धार धरत होती.

एका संध्याकाळी गुरुजी घरी आले. पाऊस नुकता थांबला होता. बायनाबाईची सासू ठमाबाई ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसली होती. नवरा सोमाजी पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना तेल चोळत होता.

"गावची शाळा समिती म्हणते, शाळा बंद करा," गुरुजी म्हणाले.

"मंग लेकरं कुठी राहतीन?" सोमाजी म्हणाला. "बांधीत आणाची का? तिथी त आमालेच दिसून नाई राह्यलं."

"म्हणूनच मी म्हटलं, बंद नको. शाळा बंद झाली की सुकडीही बंद. दुपारचं तेवढंच पोटात जातं कित्येकांच्या." गुरुजी ओसरीच्या कडेवर टेकले. "हे बघा वहिनी, रोग वर्गात कमी लागतो, दारात जास्त. शाळा भरताना आणि सुटताना सगळे एका उंबऱ्यावर. एक जण डोळा चोळतो, त्याच हातानं पुढच्याचा सदरा ओढतो. ती गर्दी तोडली पाहिजे. शाळेला मागं दार आहेच. वरच्या मोहल्ल्याची पोरं पुढून, आपली मागून. आधी ती सुटतील, ती घरी पोचली की आपली."

ठमाबाईची काडी पानातच थांबली. "मागच्या दारानं? ज्या दारानं बापूरावची बकरी आत शिरते?"

"माय, पंधरा दिवसांची गोष्ट आहे."

"पंधरा दिवसासाठी आलेले पाहुणे म्या लय पाह्यले, मास्तर. चूल त्यायची होते आन् राख आपली."

"माय!" बायनाबाई म्हणाली. "साथीसाठी हाय हे, जातीसाठी नाई."

"हे त्या दाराले माईत हाय का?"

गुरुजी हसले. मग आवाज खाली आणून बायनाबाईला म्हणाले, "विचार करा वहिनी. बिमारी आली कुठून? वरून. आपल्या मोहल्ल्यात अजून दोन-तीनच घरी आहे. आपली लेकरं वेगळी ठेवली तर फायदा कोणाचा?"

हे तिला पटलं. तिला काळजी पंचफुलाच्या डोळ्यांची होती. पंचफुला तिची एकुलती लेक, चौथीत. पाटीवर नाक टेकवून लिहायची सवय होती तिला; गुरुजी म्हणायचे, ही नर्स होईल. ते डोळे सुजून बंद झालेले बायनाबाईला मनातसुद्धा बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंचशीलच्या झेंड्यापाशी मोहल्ला जमला. कुरकुर झाली. लच्छू म्हणाला, "आमचे बाप शाळेबाहेर व्हरांड्यात बसून शिकले. रामाजीबाबानं सोमाजीले खांद्यावर घेऊन पुढच्या दारानं आत बसवलं, तवा आमाले दार भेटलं. आता आमीच मागं फिरावं?" रामाजी म्हणजे सोमाजीचा बाप. सोमाजी खाली बघत राहिला.

"साथ सरली की त्याच दिवशी पुढच्या दारानं," बायनाबाई म्हणाली. "मी सांगतो ना. माह्या शब्दावर जा."

लोक तिच्या शब्दावर गेले. शाळेत पाणी देणारी बाई होती ती. तिचं वजन होतं.

वर्गातही मध्ये आडोसा घालायचा ठरला; त्यासाठी बांबूची तट्टी सोमाजीनेच बांधली. जंगलातून आणलेला हिरवा बांबू कोयत्याने उभा चिरला, कामट्या काढल्या, दोन दिवस बसून विणली. शाळेच्या लांब खोलीच्या मधोमध ती उभी केली. पुढचा भाग वरच्या पोरांचा, मागचा खालच्यांचा. फळा बाजूच्या भिंतीवर, दोन्हीकडून दिसेल असा. बोटात कामटीची फास गेली ती बायनाबाईने सुईने काढली. गुरुजींनी तट्टीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सोमाजीभाऊ, काम पाहावं तर तुमचं."

रांजणही दोन झाले. एकच बाई दोन्हीकडे हात लावील तर इकडची साथ तिकडे जाईल, असं गुरुजी म्हणाले, आणि तेही बरोबर होतं. पुढच्या रांजणावर मनकर्णा आली. ती वरच्या मोहल्ल्यातली, पण रोवणीत बायनाबाईच्या शेजारची ओळ नेहमी तिची असायची. दोघी एकमेकींची बांधी संपवायच्या, एकमेकींना चुना-तंबाखू द्यायच्या.

"आता आपण दोघी मास्तरीण झालो व," मनकर्णा म्हणाली. "तू मागची, मी पुढची."

बायनाबाईने कामात कसूर केली नाही. मागच्या दाराबाहेर वाट नव्हती, बापूरावांचा खताचा खड्डा होता आणि पुढे नाला. तिने खड्ड्याच्या कडेने दगड टाकले. डोक्यावर पोतं घेऊन ती पावसात उभी राहायची. लेकरू आलं की आधी डोळे पाहायची, मग राख लावून हात धुवायला लावायची, उकळून थंड केलेलं पाणी ओतायची. ज्याचा डोळा लाल त्याला घरी. रुमाल ज्याचा त्याचा. दुसऱ्याचा घेतला की पाठीत धपाटा. सुटताना ती रोवणीतून परत येऊन तट्टीच्या फटीतून पाहायची. वरची पोरं दिसेनाशी झाली की मग आपली दोन-दोन करून सोडायची. दगडावरून पाय घसरला की खड्ड्यात. पंचफुला दोनदा पडली. पाटी पुसत म्हणाली, "आई, वास जात नाई वो."

"जाईन. डोळे त ठीक हाय ना?"

डोळे ठीक होते. खालच्या मोहल्ल्यात साथ पसरलीच नाही. वरती घरंच्या घरं आडवी झाली, इकडे चार-पाच लेकरं आणि तेवढीच. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बायनावहिनींचं काम." तिने पोत्याच्या आत मान घातली, पण दिवसभर रोवणीत तिची कंबर दुखली नाही.

तट्टीपलीकडून पोरं ओरडायची, "मागचे आले, मागचे आले! शेणातून पोहत आले!" गुरुजी छडी आपटायचे. पहिले काही दिवस जोरात, मग हळू.

रोवणी संपली. बांध्या हिरव्या झाल्या. लाल डोळे पांढरे होत गेले. बापूरावांनी लावलेला काळा चष्मा उतरवला.

"भाऊ, माह्या घरचा म्हणते, आता तट्टी काढू," बायनाबाई म्हणाली.

"पोळा होऊ द्या वहिनी. पोळ्याला माणसं गोळा होतात, साथ पुन्हा आली तर?"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी गवताची पुतळी, नारबोद, बांधली आणि घराघरातून रोगराई गोळा करीत शिवेकडे निघाली. दोन्ही मोहल्ल्यांची पोरं एकत्रच होती. "खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद! आले डोळे घेऊन जा गे नारबोद!" बापूराव स्वतः ओट्यावरून ओरडले, "एकही डोळा ठेवू नको गे!" सगळे हसले. नाल्यापलीकडे नेऊन नारबोद जाळली. साथ गावाने स्वतःच्या तोंडाने हाकलली होती. बायनाबाईने मोहल्ल्यात सांगितलं, उद्या पुढच्या दारानं.

उद्या पुढचं दार आतून बंद होतं. वरची पोरं आत गेली होती. गुरुजींनी एक फळी उघडली.

"मागून आणा ना वहिनी, आजच्या दिवस. समितीची मीटिंग झाली नाही."

लेकरं तिच्याकडे पाहत होती. तिने त्यांना वळसा घालून मागे नेलं. वाटेत लच्छूची पोरगी म्हणाली, "मावशी, तुमी त म्हटलं होतं." बायनाबाईने तिचा हात धरला आणि दगडांवरून पार केली.

मीटिंग कधी होती, कधी नव्हती. भादवा सरला. एक दिवस निंदण चाललं होतं. पाण्यात वाकून दोघी धानातलं गवत उपटत होत्या. बायनाबाई म्हणाली, "मनकर्णे, तुह्या घरचा समितीत हाय. विचार ना त्याले, तट्टी कवा काढतेत."

मनकर्णाने उपटलेल्या गवताची मूठ पाण्यात खळबळून धुतली, गरज नसताना दुसऱ्यांदा धुतली.

"काऊन व? मुकी झाली का?"

"तट्टी काढतेत," मनकर्णा म्हणाली. "विटा सांगितल्या हाय. भिंत घालतेत तिथी."

बायनाबाई वाकलेलीच राहिली.

"तुले खरंच माईत नाई?" मनकर्णाने इकडेतिकडे पाहिलं. "साथीच्या पयलेच ठरलं होतं व. तुले पाण्यावर घेतलं तवाच बापूरावच्या घरी बसले होते सारे. पोट्टे काढून पोंभुर्ण्याच्या शाळेत घालतो म्हणत होते. मास्तर घाबरला. पोट्टे गेले त शाळा जाईन, आन् त्याले त भद्रावतीले बदली पाह्यजे, बापूरावची वर ओळख. मंग डोळे आले. तोच म्हणाला, बाईले काढू नका, बोभाटा होईन. साथीचं नाव काढा, ते आपल्या पायानं मागं जातीन."

पाण्यात एक बेडूक उडाला. बायनाबाईने विचारलं, "तोच म्हणाला?"

"माह्या घरच्यानं आपल्या कानानं ऐकलं."

"आन् तू पुढच्या रांजणावर उभी राह्यली."

"मले उभं केलं त उभी राह्यली. तुले सांगतलं असतं त मले रोवणीत कोणी घेतलं असतं का?" मनकर्णाचा आवाज चढला, मग उतरला. "माह्याशी बोलणं टाकू नको व."

बायनाबाईने ओळ पूर्ण केली. मनकर्णाने चुन्याची डबी पुढे केली ती घेतली नाही, नकोही म्हटलं नाही.

घरी तिने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू, असं रोज म्हणायची. सांगायचं काय? की ज्या शब्दावर मोहल्ला मागे गेला तो शब्द आपला होता? की साथीची गर्दी तोडायची युक्ती खरीच होती, लेकरांचे डोळे खरेच वाचले, आणि तरी आपण फसलो? एक धडधडीत खोटं असतं तर तिने ते तोंडावर फेकलं असतं. हे खऱ्यात कालवलेलं होतं; चिखलातला काटा, पाय टाकल्यावरच कळणारा. गुरुजी दिसले की ती पदर पुढे ओढून रांजण घासायची. ते म्हणायचे, "काय वहिनी, बरं आहे ना?" ती म्हणायची, "हो."

आणि सोमाजीची बटई होती. बापूरावांच्या दोन बांध्या तो करायचा, अर्धं पीक त्यांचं. धान निसवायला आलं होतं. अशा वेळी शेत काढून घेतलं तर वर्षभराची मेहनत दुसऱ्याच्या कोठीत.

ठमाबाईला मात्र वास लागला होता. भाकर थापणाऱ्या सुनेकडे पाहत ती म्हणायची, "तुह्या सासऱ्यानं पोराले खांद्यावर नेलं. खांदा सुजला होता त्याचा, मार बसला होता पुढच्या दारात. हळद म्या लावली. तू आपली लेक खतातून नेते, आन् तुले कोणी बोटही नाई लावलं."

"माय, गप राहा वो."

"मी गपच होती. तुमच्यासारखी शिकली नाई ना."

विटांची बैलबंडी आली त्या दिवशी बापूरावांचा निरोपही आला. सोमाजी संध्याकाळी घरी आला, पाय न धुता ओसरीवर बसला. फावडा त्याने भिंतीला टेकवला, तो सरकून पडला, तरी त्याने उचलला नाही.

"काय झालं?" बायनाबाईने विचारलं.

"बापूराव म्हणते, तट्टी तूच बांधली, तुह्याच हातचं माप हाय. सकाळी ये, भिंतीचा गारा तूच कर." तो आपल्या तळहाताकडे पाहत होता. "मास्तर बाजूलेच होता. म्हणे, सोमाजीभाऊसारखं काम दुसऱ्याचं नाई."

पंचफुला दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, भिंत झाली त आमाले फळा कसा दिसन?"

ठमाबाईने पानं गुंडाळून बाजूला ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी सोमाजी उठला, तोंड धुतलं, फावडा खांद्यावर घेतला आणि अंगणात उभा राहिला.

"जाऊ का?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"लेकरं जमा होऊ दे," बायनाबाई म्हणाली. "संग जाऊ."

ती घागर घेऊन निघाली. मोहल्ल्यातली लेकरं नेहमीसारखी तिच्यामागे आली. नाल्याकडे वळायचं तिथे ती वळली नाही. चावडीसमोरून सरळ वर निघाली. लेकरं क्षणभर अडखळली, मग मागे आली. लच्छू आपल्या दारातून पाहत होता. तोही चपला न घालता आला. सोमाजी सगळ्यांच्या शेवटी, फावडा खांद्यावर तसाच.

शाळेसमोर विटांचा ढीग होता. बापूराव त्यावरच बसले होते. पुढच्या रांजणापाशी मनकर्णा होती. तिने बायनाबाईला पाहिलं आणि हातातला गडू खाली ठेवला. गुरुजी उंबऱ्यावर उभे होते. वरची पोरं आत जात होती, ती थांबली.

"वहिनी, इकडून कुठे?" गुरुजी म्हणाले. "मागून घ्या."

ती थांबली नाही. पायरीपाशी आली आणि घागर पायरीवर ठेवली.

"सोमाजी," बापूराव ढिगावरून म्हणाले, "बायकोले समजव गा. धान उभा हाय अजून बांधीत."

सोमाजीने खांद्यावरचा फावडा काढला. तो विटांच्या ढिगाकडे गेला नाही. फावडा जमिनीत रोवून त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि बायनाबाईकडे पाहू लागला.

गुरुजी एक पायरी खाली उतरले. आवाज ओसरीवरचाच होता, घरातला. "वहिनी, लेकरांसमोर नको. संध्याकाळी येतो मी घरी. आपण आपल्यात बोलू."

"आपल्यात बोललो तवाच त हे झालं, गुरुजी," बायनाबाई म्हणाली. तिने मागे पाहिलं. मोहल्ल्याची लेकरं, लच्छू, सोमाजी. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी मोहल्ल्याले शब्द दिला होता, साथीपुरता. तो इथीच वापस घेतो. भिंतीले आमच्या घरचा हात लागणार नाई, धान गेला त जाऊ द्या. आन् आमचं एकही लेकरू आजपासून मागच्या दारानं येणार नाई."